प्रोटीन पावडर घ्यायची, पण कोणती? डबा विकत घेण्याआधी हा हिशोब करा

जळगाव/धुळे : आमच्या प्रतिनिधीकडून

सध्या गावोगावी प्रोटीन पावडरचे डबे दिसू लागले आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घेतात, तालुक्याच्या जिममध्ये मिळतो, मोबाईलवर ऑर्डर केला की चार दिवसांत गावात येतो. कधी पाहुण्यांतलीच एखादी ताई किंवा भाऊ घरी येऊन सांगतात, 'शंभर टक्के वनस्पतीचं आहे, म्हातारीला द्या, शुगरवाल्याला द्या, सगळ्यांना चालतं.' डब्यावर हिरवं पान काढलेलं असतं आणि किंमत हजार, दोन हजार, कधी तीन हजार.

आपल्या खान्देशात माळकरी, शाकाहारी घरं पुष्कळ. अंडी-मटण न खाणाऱ्याला ताकद कुठून येणार, असा प्रश्न घरात असतोच. त्यामुळे 'झाडापासून बनवलेलं प्रोटीन' हे शब्द कानाला बरे वाटतात. पण ही पावडर नक्की कशाची असते, कोणाला लागते, डबा कसा तपासायचा आणि तेवढंच प्रोटीन घरच्या डाळ-दाण्यातून मिळतं का, हे पैसे मोजण्याआधी समजून घेतलेलं बरं.

आधी गरज किती ते पाहा

प्रोटीन म्हणजे प्रथिनं. शरीराची झीज भरून काढणं, स्नायू टिकवणं, जखम भरणं, रोगाशी लढणं, ही त्याची कामं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी रोजचं प्रमाण ठरवते. २०२० च्या त्यांच्या आकड्यांनुसार धडधाकट मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे ६५ किलोच्या गड्याला सुमारे ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणी आणि अंगावर दूध पाजताना यात वाढ लागते. शेवटच्या तीन महिन्यांत तर रोज २२ ग्रॅम जास्त.

आता आपल्या ताटात काय आहे ते मोजू. आकडे शंभर ग्रॅम कच्च्या धान्याचे आहेत, थोडंफार कमी-जास्त होतं.

- ज्वारी १०, बाजरी ११, गहू १०.५, तांदूळ ८ ग्रॅम
- तूरडाळ, हरभरा डाळ २१ ते २२ ग्रॅम
- मूगडाळ, उडीदडाळ २३ ते २४ ग्रॅम
- फुटाणे २२ ग्रॅम
- शेंगदाणे २४ ग्रॅम
- तीळ २० ग्रॅमच्या आसपास
- सोयाबीन ३६ ग्रॅमच्या आसपास
- सोयाबीन वडी ५० ग्रॅमच्या वर
- दूध १०० मिलीला ३ ते ३.५ ग्रॅम

शेतात राबणारा गडी दिवसाला साडेतीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्या सहज खातो. त्यातून ३५ ग्रॅम मिळाले. ६० ग्रॅम डाळ घट्ट वरणातून पोटात गेली तर १३. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७. पाव लिटरला थोडं कमी, २०० मिली दुधातून साडेसहा. बेरीज झाली साठच्या वर. या माणसाला डब्याची गरज नाही.

आता त्याच घरातल्या सत्तरीच्या आजीचं ताट बघा. दात नाहीत, भूक मंद. दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाची भाकर कालवून खाल्ली तर १५ ग्रॅम. वरण पातळ, त्यात डाळ जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे ४. चहातलं शंभर मिली दूध, ३ ग्रॅम. एकूण २२. आजीचं वजन ५० किलो असेल तर गरज ४१ ते ४२ ग्रॅमची. जवळपास निम्मं कमी पडतंय. पाय लटपटतात, उठताना आधार लागतो, एक ताप आला की महिनाभर अंथरूण सुटत नाही. त्यामागे वय असतंच, पण ताटही असतं. प्रोटीनची खरी टंचाई जिममधल्या पोरापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसांत, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईत आणि नुसत्या भात-बटाट्यावर वाढणाऱ्या लेकरांत सापडते. डबा मात्र नेमका पोरासाठी येतो.

म्हणून पहिलं काम हे, की घरातल्या प्रत्येकाचा दिवसाचा असा हिशोब कागदावर मांडायचा. कमी पडतं का, किती पडतं आणि कोणाला पडतं, ते कळल्याशिवाय पावडर निवडण्यात अर्थ नाही.

डब्यात असतं तरी काय?

वनस्पती प्रोटीनच्या डब्यात मुख्यतः चार-पाच गोष्टी असतात. सोयाबीन, पिवळा वाटाणा, ब्राऊन राईस म्हणजे हातसडीचा तांदूळ, मूग, आणि कधी भोपळ्याच्या बिया, जवस वगैरे. यातलं एकही आपल्याला परकं नाही. फरक आहे तो प्रक्रियेचा.

दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढायचा कारखाना आहे, हे धुळे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. मका भिजवून, भरडून त्यातला स्टार्च, कोंडा, अंकुर आणि प्रोटीन वेगळं करतात. वाटाण्याच्या प्रोटीनचंही तसंच. स्टार्च एका बाजूला, प्रोटीन दुसऱ्या बाजूला. सोयाबीनमध्ये आधी तेल काढतात. उरते ती डीओसी, म्हणजे आपण जिला पेंड म्हणतो. तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रोटीन असतं. ती पाण्यात विशिष्ट पद्धतीनं विरघळवून, नंतर आंबटपणा वाढवला की दुधात लिंबू पिळल्यावर जसं ते फाटतं तसं प्रोटीन खाली बसतं. ते सुकवून पावडर करतात.

डब्यावर 'आयसोलेट' लिहिलं असेल तर प्रोटीन खूप वेगळं काढलेलं, साधारण ८० ते ९० टक्के. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर त्याहून कमी, साधारण ६५ ते ७० टक्के. आणि नुसतं 'सोया फ्लोअर' किंवा 'पल्स फ्लोअर' लिहिलं असेल तर ते सरळ पीठ आहे. पीठ वाईट नाही, पण पिठाला आयसोलेटचा भाव द्यायचा नाही.

हे तंत्र काही काल-परवाचं नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं १९५० च्या दशकातच तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचं पीठ एक भाग असं मिश्रण करून, त्यात जीवनसत्त्वं घालून 'मल्टिपर्पज फूड' नावाचं खाद्य तयार केलं होतं. कुपोषण हटवायला स्वस्त प्रोटीन पाहिजे, हा त्यामागचा विचार. म्हणजे भारतातली वनस्पती प्रोटीन पावडर सत्तर वर्षांची जुनी आहे, आणि ती शेंगदाणा-हरभऱ्याची होती.

एकाच धान्याचं की मिश्रण?

प्रोटीन वीस प्रकारच्या अमायनो आम्लांनी बनतं. त्यातली नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी असतं. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. सोयाबीन मात्र एकटंही बरंच पूर्ण असतं.

कंपन्या वाटाणा आणि तांदळाचं प्रोटीन एकत्र करतात ते यासाठीच. आपल्या घरात हे आधीपासून आहे. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकर, तूरडाळीच्या वरणाबरोबर बट्टी, डाळीचे फुणके आणि सोबत भाकर-कढी. आपल्या बायांनी लायसिन हा शब्द ऐकलेला नव्हता, पण कळणा बरोबर दळला.

डबा घ्यायचाच तर एवढं लक्षात ठेवा : एकट्या तांदळाच्या प्रोटीनपेक्षा वाटाणा-तांदूळ मिश्रण किंवा सोया आयसोलेट बरं. मात्र जो माणूस पावडरीसोबत रोज भाकर आणि डाळ खातोच, त्यानं या मुद्द्यावर फार डोकं फोडायची गरज नाही. दिवसभराच्या जेवणात जुळणी होऊन जाते.

डब्याची मागची बाजू वाचा

समोरच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे बारीक अक्षरात असते. मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा. एवढं पाहायचं :

१) शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन किती? 'एका स्कूपमध्ये २१ ग्रॅम' वाचून फसू नका. स्कूप ३० ग्रॅमचा आहे की ४५ चा, ते पाहा. ३५ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २१ ग्रॅम म्हणजे पावडरीत ६० टक्के प्रोटीन. ४५ ग्रॅममध्ये २१ म्हणजे जेमतेम ४७ टक्के. बाकी काय भरलंय?

२) घटकांची यादी. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिलं नाव सोया, वाटाणा किंवा मूग प्रोटीनचं हवं. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर डबा परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून केलेलं असतं आणि रक्तातली साखर झपकन वाढवतं. शुगरच्या माणसाला ते नको. 'मास गेनर' नावाच्या डब्यांत बहुतेक भाग हाच असतो.

३) ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमायनो आम्लं वेगळी घातलीत का? प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशोब लावतात. स्वस्तातली अशी आम्लं मिसळली की आकडा फुगतो, खरं प्रोटीन वाढत नाही.

४) हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. पण दूध शाकाहारीच धरतात, म्हणून दुधाच्या 'व्हे' पावडरीवरही हिरवा ठिपकाच असतो. ज्याला दूध पचत नाही किंवा दुधाचं नको आहे, त्यानं यादीत व्हे, केसिन, मिल्क सॉलिड्स ही नावं शोधावीत. दुधाचा अंशही नसलेल्या पदार्थासाठी व्हीगनचं वेगळं हिरवं चिन्ह आहे.

५) एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक. नुसता छापलेला पाहून थांबू नका. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा. बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापरायच्या मुदतीची तारीख, कारखान्याचा पत्ता हेही हवंच.

६) रोग बरा करण्याचा दावा. शुगर जाते, गुडघे बरे होतात, गाठ विरघळते असं कोणी सांगत असेल तर तिथंच थांबा. प्रोटीन पावडर हे अन्न आहे, औषध नाही. हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिणं नियमानंच भाग आहे. विकणारा तोंडानं जे सांगतो ते डब्यावर छापलेलं आहे का, एवढंच विचारा.

७) बाहेरच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल. चांगल्या कंपन्या बॅचनुसार तो दाखवतात. त्यात प्रोटीन तर हवंच, पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि अफ्लाटॉक्सिनचेही आकडे हवेत.

तपासणीत काय सापडलं?

हा शेवटचा मुद्दा उगाच लिहिलेला नाही. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या आणि 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती बरोबर नव्हती. काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन निघालं. १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं, तर ८ टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश.

अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेनं २०२५ मध्ये तिकडचे २३ प्रोटीनचे पदार्थ तपासले. त्यात वनस्पतीपासून केलेल्या पावडरींमध्ये शिशाचं प्रमाण दुधाच्या पावडरींपेक्षा सरासरी नऊ पट निघालं. ते डबे तिकडचे आहेत, आपल्याकडच्या प्रत्येक डब्यात तसंच असेल असं नाही. पण कारण समजून घेण्यासारखं आहे. झाड जमिनीतून पाणी आणि खतं उचलतं तसं जमिनीतलं शिसं, कॅडमियमही उचलतं. शेकडो किलो वाटाण्याचं प्रोटीन एका जागी गोळा केलं की त्यासोबत हेही गोळा होऊ शकतं. म्हणून 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' हे बोलणं खरं धरू नका. रोज वर्षानुवर्षं घ्यायची वस्तू असेल तर अहवाल मागायचाच, आणि गरजेपुरतीच घ्यायची.

एक ग्रॅम प्रोटीन केवढ्याला?

बाजारात आपण भाव क्विंटलवर विचारतो, बारदान धरत नाही. डब्याचंही तसंच करायचं. डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन.

समजा एक किलोचा डबा १,८०० रुपयांना आहे आणि त्यात ६० टक्के प्रोटीन आहे. म्हणजे ६०० ग्रॅम. एक ग्रॅम पडलं ३ रुपयांना. फुटाणे १३० रुपये किलो धरले तर त्यात २२० ग्रॅम प्रोटीन, एक ग्रॅम साधारण ६० पैशांना. सोयाबीन वडी १२० रुपये किलो धरली तर ५०० ग्रॅमच्या वर प्रोटीन, एक ग्रॅम २५ पैशांच्या आत. भाव गावागणिक बदलतील, तुमच्या दुकानातला भाव टाकून हिशोब करा. फरक फार बदलणार नाही.

आता शेतकऱ्याच्या बाजूनं बघू. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. म्हणजे किलोला ५३ रुपये आणि किलोत साडेतीनशे ग्रॅमवर प्रोटीन. एक ग्रॅमचे आपल्याला मिळतात १५ पैसे, तेही हमीभाव हाती पडला तर. मोंढ्यात ओलावा आणि काडीकचरा दाखवून किती कापतात ते सांगायला नको. आणि तेच सोयाबीन डब्यात भरून आलं की आपण एका ग्रॅमला तीन रुपये मोजतो. वीस पट. प्रक्रियेला खर्च आहे, कारखाना फुकट चालत नाही, हे मान्य. पण जे आपल्या कोठीत पोत्यानं पडलंय ते आधी ताटात आणायचं आणि मग डब्याकडे बघायचं, एवढं तरी करता येईल.

घरची पावडर : दोन प्रकार

राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'हैदराबाद मिक्स' नावाचं जुनं मिश्रण आहे. कुपोषित लेकरांसाठी ते तयार झालं. भाजलेले गहू ४०० ग्रॅम, भाजलेला हरभरा किंवा डाळवं १६० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम. सगळं दळून एकत्र करायचं. याच्या ८६ ग्रॅममधून ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या वर प्रोटीन मिळतं. वजन न वाढणारी लेकरं, अशक्त बाया, म्हातारी माणसं यांना दुधात किंवा कोमट पाण्यात कालवून देता येतं. आपल्या सातूच्या पिठाचाच हा भाऊ आहे.

गूळ नको आणि प्रोटीन जास्त हवं असेल तर दुसरं मिश्रण : डाळवं ५०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे २५० ग्रॅम, सोयाबीन २०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम. हिशोब केला तर शंभर ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रोटीन येतं. चार मोठे चमचे, म्हणजे ४० ग्रॅम पीठ ताकात कालवलं की १० ग्रॅम प्रोटीन झालं. वर जिरं, मीठ टाका. चवही लागते.

करताना या गोष्टी सांभाळा :

- सोयाबीन कच्चं कधीही दळायचं नाही. त्यात पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनंच जातात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, अर्धा तास चांगलं उकळा, कडक उन्हात वाळवा, मग मंद आचेवर भाजून दळा.
- पेरणीसाठी औषध लावलेलं सोयाबीन किंवा हरभरा चुकूनही खाण्यात जाता कामा नये. बियाण्याची पिशवी घरात वेगळीच ठेवा.
- काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे शेंगदाणे निवडून फेका. अफ्लाटॉक्सिन तिथूनच येतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. काढणीनंतर शेंगा ओल्या ढिगात राहिल्या तर हा धोका वाढतो.
- मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर दाण्याला तेल सुटून गोळा होतो.
- एका वेळी १५ दिवसांचंच करा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खवट वास आला की टाकून द्या.
- शेंगदाणा, तीळ, सोयाबीन यांची ॲलर्जी असलेल्याला देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको.

एक खरं सांगायला हवं. घरच्या मिक्सरमधून २५ टक्क्यांच्या फार वर जाता येत नाही. दळल्यानं स्टार्च आणि तेल वेगळं होत नाही, ते कारखान्यातच होतं. ज्याला कमी खाण्यात जास्त प्रोटीन हवं आहे, त्याच्यासाठी आयसोलेटचा डबा खरोखर उपयोगाचा आहे. उदाहरणार्थ ऑपरेशननंतर अन्न न जाणारा पेशंट, किंवा कॅन्सरचे उपचार चाललेला. पण तो डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारून.

टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. ते पैसे एका डब्यात घालवण्यापेक्षा डाळ, शेंगदाणे, दूध आणि चालत असतील तर अंडी यात घातले तर महिनाभर पुरतात.

भरतीच्या पोरांसाठी

पहाटे पाच-पाच किलोमीटर पळणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या पोरांना साध्या माणसापेक्षा जास्त प्रोटीन लागतं, हे खरं. कडक व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.२ ते २ ग्रॅमपर्यंत सांगतात. ६० किलोच्या पोराला १.४ नं धरलं तर ८४ ग्रॅम.

घरच्या ताटातून होतं का? ४०० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्या, ४० ग्रॅम. ८० ग्रॅम डाळ-कडधान्य, १७. सोयाबीन वडी ३० ग्रॅम, १५. शेंगदाणे ४० ग्रॅम, साडेनऊ. दूध ४०० मिली, १३. बेरीज ९४. डब्याशिवाय झालं. तालुक्याला खोली करून राहणाऱ्या, मेसमध्ये पाणीदार वरण खाणाऱ्या पोराला एवढं जमत नसेल तर फुटाणे, दाणे आणि वडी खोलीवर ठेवता येते. तरीही कमी पडलं तर दिवसाला एक स्कूप पावडर, तपासलेल्या डब्यातली. दोन-तीन स्कूपनं स्नायू दुप्पट होत नाहीत, व्यायाम आणि झोपेनं होतात. २०२४ मध्ये आलेल्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या डब्यांच्या मागे लागू नका, असंच सांगितलं आहे.

आणि केळीबद्दल एक गैरसमज. आपला रावेर-यावल पट्टा केळीचा, म्हणून सकाळी सहा केळी खाऊन 'प्रोटीन झालं' असं पोरं म्हणतात. केळीत शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपासच प्रोटीन असतं. पळायला लागणारी ताकद ती देते, प्रोटीन नाही. केळीसोबत मूठभर दाणे किंवा घरची पावडर घेतली तर जोडी जमते.

कोणी सांभाळून राहायचं?

- किडनीचा त्रास असलेले. त्यांना डॉक्टर प्रोटीन मोजून देतात. बाहेरची पावडर परस्पर सुरू केली तर नुकसान होऊ शकतं. बीपी आणि शुगर जुनी असेल तर सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या.
- थायरॉईडची गोळी घेणारे. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. गोळी आणि सोयाची पावडर यात चार तासांचं अंतर ठेवा.
- गरोदर बाया आणि लहान मुलं. डॉक्टर किंवा आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय डबा नको. अंगणवाडीतून मिळणारा आहार आधी पूर्ण पोटात जातो का ते बघा. बऱ्याच घरी तो गुरांच्या पुढ्यात जातो.
- फक्त शाकाहारावर असलेले. वनस्पतीच्या पावडरीतून बी-१२ मिळत नाही. हातापायाला मुंग्या, सतत थकवा असेल तर त्याची तपासणी वेगळी करावी.

पावडर असो की कडधान्य, एकदम जास्त सुरू केलं की पोटात गॅस धरतो. अर्ध्यापासून सुरू करा, पाणी भरपूर प्या. कडधान्याला मोड आणले, वर लिंबू पिळलं तर लोहही चांगलं लागू पडतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते अडतं.

घरी येऊन विकणाऱ्याला काय विचाराल?

ओळखीचा माणूस असतो, नाही म्हणता येत नाही. पण २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी येऊन विक्री करायची नाही. पक्कं बिल मागा. वस्तू परत घेण्याची अट विचारा. 'तुम्हीही सभासद व्हा, चार जण जोडा, पैसे मिळतील' हे सुरू झालं की विषय प्रोटीनचा राहिलेला नसतो, हे ओळखा.

डबा बनावट वाटला, सील फुटलेलं निघालं, मुदत खोडलेली दिसली तर डबा आणि बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार देता येते. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरही तक्रारीची सोय आहे.

थोडक्यात

- आधी घरातल्या प्रत्येकाची गरज आणि ताट मोजा.
- कमी पडत असेल तर वरण घट्ट करा, रोज मूठभर दाणे-फुटाणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीन वडी आणा.
- चावता येत नसलेल्यांना घरची पावडर ताकात किंवा दुधात द्या.
- तरीही डबा लागला तर सोया किंवा वाटाणा-तांदूळ आयसोलेट, शंभर ग्रॅमला ७० ग्रॅमच्या वर प्रोटीन, साखर-माल्टोडेक्स्ट्रिन नाही, परवाना तपासलेला आणि शिशाचा अहवाल असलेला घ्या.
- भाव डब्याचा नाही, एका ग्रॅम प्रोटीनचा काढा.

वर सांगितलेल्या आजीच्या ताटात ३० ग्रॅम फुटाण्याचं पीठ, २५ ग्रॅम दाण्याचा कूट, वाटीभर दही आणि वरणात आणखी २० ग्रॅम डाळ घातली तर २१ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन वाढतं. तूट भरून निघते. खर्च रोजचा चहा-बिस्किटाएवढा. हरभरा, तूर, भुईमूग विकायला काढताना घरच्यासाठी दोन पायल्या जास्तीच्या बाजूला ठेवा. घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं यांच्या नावानं.